रोज कमरेला बाळगायला पिस्तूल : टोचणार नाही आणि दगा देणार नाही असं कुठलं घेऊ?

नवखा_गडी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होतो, हा पहिलाच धागा, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या. लपवून बाळगायचा परवाना हातात आलाय, ट्रेनिंग झालंय, आता घोडं अडलंय ते घोड्यापाशीच. रेंजवरच्या भाड्याच्या पिस्तुलांनी सगळे मिळून तीनेकशे राउंड (गोळ्या) मारले असतील, म्हणजे अगदी कोरा नाही पण नेम आहे असंही म्हणवत नाही. रुटीन असं की दिवसभर खुर्चीत, मग गाडी, मग मुलीला क्लासहून आणणं. अंगाने काडी आहे, कमर ३०, त्यामुळे काहीही लावलं की शर्टावर उठून दिसतं.

माझं डोकं असं चाललं होतं की जितकं छोटं तितकं बरं. एक खिशात मावणारं, पॉइंट ३८० मापाच्या काडतुसाचं पिस्तूल हातात धरून पाहिलं, मोबाईल की पिस्तूल कळणार नाही इतकं हलकं, जवळजवळ ठरवलंच होतं. मग म्हटलं एक मॅगझिन मारून तरी बघू, तर सहा गोळ्यांत अंगठ्याच्या बेचक्यात असं काही झोंबलं की दुसरं मॅगझिन भरायची इच्छाच झाली नाही. आता पुरता गोंधळलोय. रिव्हॉल्व्हर घ्यावं का? ९ एमएम की ३८०? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मोजपट्टी

आधी छोटं म्हणजे सोपं हे डोक्यातून काढा. गोळी पुढे जाताना जेवढा रेटा मागे देते तेवढा देतेच, पिस्तूल हलकं आहे म्हणून ती दयामाया करत नाही. तोच रेटा अर्ध्या वजनाच्या पिस्तुलाला दिला तर ते दुप्पट वेगाने मागे येतं, आणि तळव्यात येणारी ऊर्जाही दुप्पट. म्हणून ३८० हे काडतूस ९ एमएमपेक्षा सौम्य असूनही चिमुकल्या पिस्तुलातून हाताला जास्त लागतं. तुमचं बेचकं काही नाजूक नाहीये, फिजिक्स आहे ते.

अंदाज यावा म्हणून : रुगर एलसीपी रिकामं २७० ग्रॅमच्या आसपास, मॅगझिनात ६. स्मिथ अँड वेसन ६४२ हे रिव्हॉल्व्हर ४१० ग्रॅम, ५ गोळ्या. सिग पी३६५ रिकामं ५०० ग्रॅम, मॅगझिनात १०. ग्लॉक १९ पंधरा गोळ्या भरून साडेआठशेच्या आसपास. मधल्या मापाला आता जो भाव आलाय तो २०१८ नंतरचा. त्याआधी पातळ पिस्तूल हवं तर ६ ते ८ गोळ्यांवर भागवायचं, स्मिथ अँड वेसनची शील्ड २०१२ ची, ग्लॉक ४३ २०१५ चं, दोन्हींची तीच कथा. पी३६५ ने तेवढ्याच जाडीत दहा बसवल्या आणि पुढच्याच वर्षी स्प्रिंगफील्डचं हेलकॅट आलं, मग सगळेच त्या वाटेने गेले. सांगायचा मुद्दा, आता छोटं आणि चालवता येण्यासारखं यातलं एकच निवडायची वेळ राहिलेली नाही.

सहा_घरं

रिव्हॉल्व्हर घ्या आणि विषय संपवा. मॅगझिन नाही, दर गोळीला मागे-पुढे सरकणारा वरचा भाग म्हणजे स्लाइड नाही, अडकायला काही नाही. गोळी फुटली नाही तर चाप परत ओढा, पुढच्या गोळीचं घर येतं. माझ्याकडे जे-फ्रेम (स्मिथ अँड वेसनच्या छोट्या सांगाड्याचं रिव्हॉल्व्हर) आहे, खिशातल्या होल्स्टरमध्ये (म्यानात) बसतं, मूठ गोलसर असल्याने कापडावर आकार कोनांसकट उमटत नाही. पिस्तुलवाले तासन्‌तास कुठली गोळी चालते कुठली नाही याचं गुऱ्हाळ लावतात, आम्ही निवांत.

गंजका_खिळा

सहाघरंभाऊ, तुमचं नाव सहा_घरं पण खिशातल्याला घरं पाचच :)

रिव्हॉल्व्हरशी वैर नाही माझं, दहाएक वर्षं तेच बाळगलं. पण नवख्या माणसाला सांगताना पूर्ण सांगा की. चाप ओढायला पाच-साडेपाच किलोचा जोर, साध्या स्ट्रायकरवाल्या (हातोडीऐवजी आत स्प्रिंगवरची सुई असलेल्या) पिस्तुलाच्या दुप्पट. बॅरल दोन इंचांहून जरा कमी, नेम धरायची माशी म्हणजे नुसता उंचवटा आणि मागे एक खाच. पंधरा पावलांवर ताटाएवढ्या गोलात पाच लावून दाखवा म्हटलं तर रेंजवरचे निम्मे लोक इकडेतिकडे बघायला लागतात. आणि अडकत नाही म्हणता, तर हलक्या रिव्हॉल्व्हरात जोरदार काडतूस घातलं की झटक्याने बाकीच्या घरातल्या गोळीचं टोक पुंगळीतून (काडतुसाच्या पितळी नळीतून) पुढे सरकतं आणि गोळ्यांच्या घरांचा सिलिंडर फिरायचाच थांबतो. असं झालं की ते मोकळं करायला हत्यारं आणि वेळ दोन्ही लागतं. पिस्तूल अडकलं तर बुडावर थापड मारून स्लाइड ओढली की बहुतेकदा सुटतं.

आता नवखाराव तुमच्याकडे वळतो. तुम्ही चुकीचं माप मोजताय. लपवताना बॅरल त्रास देत नाही हो, ते पँटच्या आत जातं. दिसते ती मूठ. उभे राहा आणि एक कंगवा कमरेला खोचून बघा, आत कितीही लांब असला तरी बाहेर जेवढा राहतो तेवढाच शर्ट उचलतो. पोटाशी लावत असाल तर उलट थोडं लांब बॅरल बरं, खालचं टोक मांडीशी टेकतं आणि मूठ आत ढकलली जाते, आखूड पिस्तूल तिथे पुढे कलंडतं. तेव्हा बघायचं ते मुठीची लांबी आणि जाडी, एकूण लांबी नाही.

टिचकी

गंखिकाकांना +१. मी पाच फुटांची आहे, हात लहान मुलीएवढे, तरी मी रोज ९ एमएम बाळगते आणि छोट्यातलं छोटं घेऊन हात पोळून घेतलेली आहे (अक्षरशः). स्लाइडबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. पिस्तूल लहान केलं की स्लाइड हलकी होते, ती आवरायला स्प्रिंग कडक घालावी लागते, म्हणून चिमुकल्या पिस्तुलाची स्लाइड मोठ्यापेक्षा जड ओढावी लागते. हे मला घेतल्यावर कळलं. विकणारा "बायकांसाठी मस्त आहे" म्हणत होता, त्याला स्वतःला ती ओढताना तोंड वाकडं करावं लागत होतं.

त्यावर उपाय एक म्हणजे पद्धत. स्लाइड चिमटीत धरून ओढू नका, डावा पंजा वरून घालून मागचा भाग पूर्ण मुठीत धरा, पिस्तूल छातीजवळ आणा आणि उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकला. डावखुऱ्यांनी उलट. नळी समोर निशाणाकडे हवी, शेजाऱ्याकडे नाही, कारण जोर लावताना माणूस नकळत वळतो. दुसरं म्हणजे ज्यांच्या बोटांत संधिवात आहे त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनची शील्ड ईझी आहे, २०१८ ला आधी ३८० मध्ये आली, आत लपलेला हॅमर (हातोडी) असल्याने स्लाइड खरंच सोपी आहे. तिचा मुठीतला सेफ्टी मात्र पक्का धरला तरच दबतो, ते तपासून घ्या.

आणि हो, चापापर्यंत बोट पोचतं का ते बघा. पहिल्या पेराचा मधला भाग चापावर यायला हवा आणि मनगट व नळी एका रेषेत राहायला हवी. मूठ फिरवून बोट पोचवावं लागत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही, कितीही नावाजलेलं असो.

नवखा_गडी

बाप रे, एका रात्रीत इतके प्रतिसाद! टिचकीताई, बोटाचं आज जाऊन बघतो. पण ३८० की ९ ते राहिलंच. आणि गंखिकाका, ग्लॉक १९ चं नाव सगळे घेतात, ते माझ्या कमरेला लावून बघितलं तर शर्टाला पाठीमागे चक्क तंबू झाला.

मोजपट्टी

दोन्हींच्या गोळीचा व्यास जवळपास एकच, फरक पुंगळीच्या लांबीत, १७ मिमी आणि १९ मिमी. पुंगळी लांब, दारू जास्त, दाब जास्त. दोन्ही काडतुसं शंभराहून जास्त वर्षं जुनी आहेत, ३८० ब्राउनिंगचं १९०८ चं, ९ एमएम जॉर्ज लुगरचं त्याच्याही आधीचं. आज फरक पडतो तो पसरणाऱ्या, म्हणजे लागल्यावर तोंड उमलणाऱ्या गोळीमुळे. १९८६ मध्ये मायामीत एफबीआयची जी चकमक झाली, ज्यात दोन एजंट गेले, त्यानंतर त्यांनी गोळी जिलेटिनमध्ये (मांसाऐवजी चाचणीला वापरतात तो ठोकळा) किती खोल जायला हवी याचं माप ठरवलं, १२ ते १८ इंच, म्हणजे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटर. चांगली ९ एमएमची पसरणारी गोळी हे आरामात करते. ३८० ची आखूड बॅरलमधून एक तर पसरते आणि उथळ थांबते, नाहीतर खोल जाते पण पसरत नाही. काही काडतुसांना जमतं, पण ती शोधावी लागतात. म्हणून हाताला झेपत असेल तर ९, झेपत नसेल तर ३८० मोठ्या पिस्तुलातून. लागलेली ३८० चुकलेल्या ९ पेक्षा केव्हाही बरी.

शंकासुर

मला एक कळत नाही, तुम्ही सगळे मिलिमीटर मोजताय, पण हे सगळं गळ्यात बांधून घ्यायची गरज आहे का हा प्रश्न कोणीच विचारत नाहीये. मुलगी आहे म्हणतोस घरात. दिवसातून दोनदा ते कमरेवरून निघणार आणि कुठेतरी ठेवलं जाणार. कुठे?

गंजका_खिळा

शंकासुर नेहमी धाग्यात काडी टाकायला येतात पण या वेळी बरोबर विचारलंत. बाळगायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण "कुठे" याचं उत्तर पिस्तूल घ्यायच्या आधी तयार हवं. कपाटावर, उशीखाली, गाडीच्या खणात ही उत्तरं नाहीत. कमरेवर किंवा कुलपात, तिसरी जागा नाही. बोटांनी कोड दाबून उघडणारी छोटी पेटी पलंगाच्या फ्रेमला वायरने जखडून ठेवा. आणि पर्समध्ये, सॅकमध्ये टाकून फिरायचा मोह टाळा, सॅक आपण खुर्चीला अडकवतो आणि विसरतो, पोरं त्यात बिस्किटं शोधतात.

शेवटची गोष्ट, हसू नका. बाहेरच्या संडासात काय कराल ते आजच ठरवा. पिस्तूल फ्लशच्या टाकीवर किंवा खुंटीला ठेवून विसरणारे शिकलेसवरलेले लोक असतात. होल्स्टरमधून काढायचंच नाही, पँट गुडघ्यापर्यंतच उतरवायची, पट्टा तिथेच परत आवळायचा म्हणजे वजनाने खाली जात नाही आणि शेजारच्या संडासातून दिसतही नाही.

सहा_घरं

काका हे वाचून माझा चहा नाकातून आला :D पण खरंय.

टिचकी

नवखा_गडी, तंबूचं सांगते. तुझं होल्स्टर कुठलं आणि पट्टा कुठला? मला खात्री आहे पट्टा ऑफिसचा चामड्याचा मऊ आहे.

नवखा_गडी

ताई, तुम्ही ज्योतिषी आहात का? हो, लग्नातला पट्टा आहे आणि होल्स्टर पिस्तुलाबरोबर दुकानदाराने दाखवायला दिलेलं कापडी, सगळ्यात बसेल असं.

टिचकी

झालं मग. तंबू पिस्तुलाचा नाही, पट्ट्याचा आहे. मऊ पट्टा वजनाने पिळतो, मूठ शरीरापासून बाहेर झुकते, आपण तो आवळतो, मग हाड टोचतं, मग आपण म्हणतो पिस्तूल जड आहे आणि आणखी छोटं बघायला लागतो. मी या चक्रात दीड वर्ष फिरलेय, माझ्याकडे एक खोकंभर होल्स्टरं पडली आहेत. दीड इंची, आत ताठ पट्टी असलेला पट्टा घे. होल्स्टर कायडेक्सचं (कडक प्लास्टिक), त्याच मॉडेलसाठी साचा काढलेलं, चाप पूर्ण झाकणारं. त्याला पुढून एक पंखासारखा तुकडा असतो, तो पट्ट्यावर दाबला जाऊन मूठ आत वळवतो. पोटाशी लावलंस तर खालच्या टोकाला मागून फोमची पाचर चिकटव, टोक बाहेर ढकललं जातं आणि मूठ पोटाशी येते, शिवाय हाडाला गादी मिळते. माझं टोचणं त्या पाचरीने गेलं, पिस्तूल तेच आहे.

कापडी होल्स्टर फेकून दे. त्याचं तोंड मिटतं, पिस्तूल परत घालताना कड आत दुमडून चापावर येते.

गंजका_खिळा

यात एक भर. परत घालताना घाई कोणाची नसते. काढताना घाई असू शकते, घालताना कधीच नाही. शर्ट पूर्ण वर धरा, जॅकेटची नाडी आणि तिचं ते प्लास्टिकचं बोंडूक कुठे लोंबतंय बघा, बोट चापापासून लांब स्लाइडवर सरळ, होल्स्टरमध्ये डोळ्यांनी बघत सावकाश. पोटाशी लावणाऱ्यांनी कंबर पुढे काढावी म्हणजे नळी मांडीपासून लांब राहते. माझ्या ओळखीतल्या एकाच्या मांडीला आरपार खूण आहे, पिस्तुलाचा दोष शून्य, नाडीचा सगळा. त्याहून सोपं म्हणजे पिस्तूल होल्स्टरसकटच कमरेवरून काढायचं, होल्स्टरसकटच पेटीत.

आणि लावायची जागा. साडेतीन-चारच्या काट्यावर, म्हणजे कमरेच्या उजव्या मागच्या बाजूला, उभं असताना छान झाकतं पण बुटाची लेस बांधायला वाकलात की मूठ पाठीवर शिंगासारखी उभी राहते. बारीक माणसाला पोटाशीच जास्त झाकतं, खुर्चीत मात्र अर्धा इंच वर-खाली करून बघावं लागतं. एकरंगी टाइट टी-शर्टऐवजी चौकडीचा, जरा सैल, आकार चौकडीत हरवतो.

मोजपट्टी

भरवशाबद्दल कोणी लिहिलं नाही, मूळ प्रश्नात होतं. "भरवशाचं ब्रँड" असं काही नसतं, भरवशाचा तो एक तुकडा असतो जो तुमच्या हातात तुमच्या गोळीने चालतो. नवीन पिस्तूल साफ करून तेल लावा, साध्या गोळ्या दोनशे तरी मारा, मग जी रोज भरणार आहात ती पसरणारी गोळी निदान पन्नास, जमल्यास शंभर. पसरणाऱ्या गोळीचं तोंड बोथट असतं, मॅगझिनातून नळीत जाताना साधी गोळी सरकते त्या उतारावर ती अडखळू शकते. अडकलं की लिहून ठेवा : कितवा राउंड, कुठलं मॅगझिन, पुंगळी खिडकीत (स्लाइडमधल्या ती बाहेर पडायच्या भोकात) उभी राहिली की नवी गोळी आतच गेली नाही.

छोट्या पिस्तुलात मनगट ढिलं पडलं तरी अडकतं. स्लाइड मागे जाते तेव्हा मूठ जागेवर घट्ट हवी, मूठच मागे गेली तर स्लाइडला पूर्ण अंतर मिळत नाही. म्हणून पहिल्या अडकण्याला पिस्तुलाला शिव्या घालायच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी मारायला सांगा.

चेंबरमधली (नळीच्या बुडाशी चढवलेली) गोळी रोज काढ-घाल करू नका. तीच तीच गोळी परत परत चढवली की टोक आत दबतं आणि दाब धोकादायक वाढतो. नव्या गोळीशेजारी उभी करून बघा, बुटकी दिसली तर बाजूला काढा. घामाने स्लाइडला लालसर ठिपके येतात, उन्हाळ्यात आठवड्याला पुसा.

सहा_घरं

अवांतर : कानाचं कोणी सांगितलं नाही. आखूड बॅरलचा आवाज भलताच असतो, बंदिस्त रेंजवर आत बोंडं आणि वरून मफ असं दोन्ही घाला. मी तरुणपणी नुसता कापूस घालायचो, आता बायको हाक मारते ते ऐकू येत नाही. फायदाही आहे म्हणा.

शंकासुर

(प्रतिसाद काढून टाकला आहे)

नवखा_गडी

मंडळी, सात आठवड्यांनी येतोय. सगळं ऐकलं. भाड्याने पाच पिस्तुलं मारली, प्रत्येकातून गोळ्यांचं एकेक खोकं. ग्लॉक १९ ने नेम सगळ्यात चांगला लागला हे कबूल, ताठ पट्ट्यावर तंबूही गेला होता, पण गाडीत दोन तास बसल्यावर मुठीची कड बरगडीला लागत होती. पी३६५ मुठीत छान पण करंगळी हवेत. शेवटी त्याचंच जरा मोठं भावंड घेतलं, पी३६५ एक्सएल, मॅगझिनात १२, करंगळीला जागा, बॅरल थोडं लांब त्यामुळे पोटाशी कलंडत नाही. टिचकीताई, बोट पेराच्या मधोमध येतं. पहिले दोन आठवडे घरात रिकामं लावून फिरलो, गोळ्या दुसऱ्या खोलीत. बायको म्हणाली तू सारखा शर्ट खाली ओढतोस, पिस्तूल नाही दिसत, ओढणं दिसतं. ती सवय मोडायलाच जास्त वेळ लागला.

पण एक शंका. पहिले दीडशे राउंड लोण्यासारखे गेले. मग पुंगळी खिडकीत उभी. मग नीट, मग परत. मनगट म्हणावं तर मित्राच्या हातातही एकदा झालं.

गंजका_खिळा

मॅगझिनं किती आहेत? सगळी पिस्तुलाबरोबरचीच का?

नवखा_गडी

एक बरोबरचं. आणखी दोन नंतर घेतली, त्यातलं एक भलत्याच कंपनीचं, तसंच दिसत होतं आणि लगेच मिळत होतं म्हणून उचललं.

गंजका_खिळा

तिन्हींच्या बुडावर खडूने १, २, ३ लिहा. प्रत्येकातून पन्नास मारा, अडकलं की वहीत नंबर.

नवखा_गडी

काल मारून आलो. १ स्वच्छ, २ स्वच्छ, ३ ने पन्नासात चारदा अडवलं. ३ म्हणजे तेच. रेंजवर थापड मारून स्लाइड ओढायची प्रॅक्टिस करायला पिशवीत ठेवलंय, वर लाल टेप गुंडाळून. पट्ट्याला मात्र एक भोक जास्त पाडावं लागलं, दुपारी जेवल्यावर लागतं.